शुशा : पडलेल्या नगरीचा इतिहास

किल्ल्याच्या पाडावाचा वृत्तांत लिहितांना लेखकापुढें एक मोह उभा असतो. कडा, तट, रात्रींची चढाई, बुरुजावर फडकलेलें निशाण, एवढ्यांत कथा रंगते आणि संपते. निशाणाखालच्या घरांचें पुढें काय झालें, हें विचारावयाचें राहून जातें. टॉमस डी वाल यांचा ‘ब्लॅक गार्डन’ (२००३) हा आर्मेनिया-अझरबैजान संघर्षावरील ग्रंथ या मोहांतून सुटला आहे, आणि त्याची खरी योग्यता त्यांतच आहे.

१९९१ सालीं सोव्हिएत साम्राज्य मोडलें आणि त्याच्या अंतर्गत सीमा एकाएकीं राष्ट्रांच्या सीमा झाल्या. अझरबैजानच्या हद्दींतील, पण आर्मेनियन बहुसंख्येच्या पहाडी काराबाखांत १९८८ पासून धुमसणाऱ्या कलहाला युद्धाचें रूप आलें. १८ व्या शतकांत पनाह अली खानानें वसविलेलें शुशा हें तटबंदीचें नगर उंच कड्यावर आहे, खालीं स्तेपानाकेर्त. वरून अझरबैजानी अग्निबाण खालच्या वस्तीवर पडत. म्हणून शुशा घेणें आर्मेनियनांना जीवनमरणाचा प्रश्न वाटला. ८ मे १९९२ रोजीं चढाई झाली व दुसऱ्या दिवशीं शहर पडलें. त्याच सुमारास दोन्ही देशांचे नेते तेहरानमध्यें शांततेच्या निवेदनावर सह्या करीत होते! शहर पुढें लुटलें व जाळलें गेलें.

ग्रंथकार सेनापतींच्या डावपेचांपाशीं थांबत नाहीं. कवयित्री नातवान, संगीतकार हाजीबेयोव व गायक बुलबुल यांचे गोळ्यांनीं भोकें पडलेले अर्धपुतळे तो आपणांस दाखवितो. आणि मार्च १९२० मध्यें याच शहराचा आर्मेनियन भाग जळाला होता, हेंही विसरूं देत नाहीं. दोन्ही पक्षांच्या साक्षी शेजारींशेजारीं मांडून निर्णयाचा भार तो पुष्कळदां वाचकावर टाकतो, एवढें उणें मात्र जाणवतें.

ग्रंथानंतर काळ थांबला नाहीं. नोव्हेंबर २०२० मध्यें अझरबैजाननें शुशा परत घेतलें. सप्टेंबर २०२३ मध्यें काराबाखांतील एक लाखाहून अधिक आर्मेनियन घरदार सोडून गेले. एकाचा ‘पाडाव’ ती दुसऱ्याची ‘मुक्ति’. तीन दशकांत या शब्दांनीं जागा बदलल्या, ओसाड घरें मात्र दोन्ही वेळां सारखींच राहिलीं. विजयाचा इतिहास लिहूं पाहणाऱ्यानें आधीं त्या घरांत पाऊल टाकावें, एवढें जरी या ग्रंथापासून कोणी शिकलें, तरी ग्रंथकाराचे श्रम सार्थकीं लागले असें म्हणतां येईल.