‘वेठ’ आणि ‘मजुरी’ : ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथाचा एक भाषिक विचार

गोदावरी परुळेकर यांचा ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हा ग्रंथ १९७० साली प्रसिद्ध झाला आणि १९७२ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील वारली आदिवासींच्या १९४५ नंतरच्या लढ्याची ही हकिकत आत्मचरित्र म्हणून, चळवळीचा इतिहास म्हणून आणि सामाजिक दस्तऐवज म्हणूनही वाचली जाते. या तिन्ही वाचनांत एक गोष्ट काहीशी दुर्लक्षित राहते. दारिद्र्य हे केवळ अन्नवस्त्राच्या अभावाने टिकत नाही. त्याला नावे असतात, आणि ती नावे रूढ आहेत तोवर अन्याय हा व्यवहार म्हणून खपून जातो. या ग्रंथातील संघर्ष जमिनीचा व मजुरीचा आहे हे खरेच. परंतु तो तितकाच शब्दांचाही आहे.

ग्रंथातील दोन शब्द या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला ‘वेठ’. त्याचे मूळ संस्कृत ‘विष्टि’ या शब्दात आहे, आणि विष्टि म्हणजे सत्तेने सक्तीने करवून घेतलेले विनामूल्य श्रम. पुढे फारसीतून ‘बेगार’ हा त्याच अर्थाचा शब्द आला आणि मराठीने दोन्ही जोडून ‘वेठबिगार’ हा समास घडविला. राज्यकर्त्यांच्या भाषा बदलल्या, राबणाऱ्याची स्थिती मात्र बदलली नाही, याचा याहून संक्षिप्त पुरावा शोधूनही सापडणार नाही. ‘वेठ वारणे’ म्हणजे काम कसेबसे उरकणे, हा वाक्प्रचारही येथे आठवावा. भाषेने त्यात आळशीपणाचा दोष नोंदविला. ज्या श्रमाला मोल नाही तो मनापासून का करावा, हा प्रश्न मात्र नोंदविला नाही.

दुसरा शब्द ‘लग्नगडी’. लग्नासाठी सावकाराकडून वा जमीनदाराकडून थोडीशी रक्कम घेणारा वारली तरुण त्या कर्जापोटी पत्नीसह जन्मभर राबत असे. ‘गडी’ या शब्दाला मराठीत खेळगड्याच्या सलगीपासून घरगड्याच्या चाकरीपर्यंत अनेक छटा आहेत. त्याला ‘लग्न’ हे मंगल पद जोडले की गुलामी घरगुती व्यवहारासारखी वाटू लागते. कर्ज, व्याज, मुदत यांपैकी कशाचाही उच्चार या शब्दात नाही. म्हणूनच त्या बंधनाला शेवटही नाही.

ही शब्दसृष्टी बदलण्याची सुरुवात आजच्या कल्याण-डोंबिवलीच्या परिसरात झाली, याचे स्मरण त्या नगरांत क्वचितच होते. ७ जानेवारी १९४५ रोजी कल्याण तालुक्यातील टिटवाळा येथे महाराष्ट्रातील किसान सभेची परिषद भरली. उंबरगाव भागातील काही वारली तिला आले होते आणि त्यांच्यापैकी माह्या धांगडा यांनी आपल्या लोकांची स्थिती व्यासपीठावरून सांगितली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात झरी येथे वारल्यांची परिषद झाली. वेठ करावयाची नाही आणि दिवसाला बारा आण्यांखाली जमीनदाराच्या शेतावर काम करावयाचे नाही, असे तेथे ठरले. पुढे गवतकापणीसाठी पाचशे पौंडांमागे अडीच रुपये ही मागणी आली. या मागण्यांची भाषा लक्षणीय आहे. तीत दया, मेहेरबानी, मायबाप यांपैकी एकही शब्द नाही. वजन आहे, दिवस आहे आणि दर आहे. ‘वेठ’ या मोजमाप नसलेल्या शब्दाच्या जागी ‘मजुरी’ हा मोजता येणारा शब्द आला. सामाजिक न्यायाची पहिली पायरी बहुधा हीच असते : उपकाराचे रूपांतर हिशेबात होणे. त्याची किंमतही लगेच द्यावी लागली. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच आदिवासी मृत्युमुखी पडले.

तथापि ग्रंथाचे मूल्यमापन करताना दोन आक्षेप टाळता येत नाहीत. पहिला शीर्षकाविषयी. ‘जागा होतो’ ही अकर्मक रचना लेखिकेच्या विवेकाची द्योतक आहे. ‘जागा करणे’ असे प्रयोजक रूप योजले असते, तर कर्तृत्व कार्यकर्त्यांकडे गेले असते. येथे माणूस स्वतः जागा होतो. शिवाय तो ‘वारली’ नव्हे, ‘माणूस’ आहे. परंतु जागे होण्यात आधीची निद्रा गृहीत असते, आणि ग्रंथातील घटना तिला दुजोरा देत नाहीत. आपल्यावर काय गुदरते आहे हे वारल्यांना पक्के ठाऊक होते. टिटवाळ्याला ते ज्ञान घेऊनच आले. उणीव जाणिवेची नव्हती, निर्भयतेची होती. दुसरा आक्षेप निवेदनाचा. वारल्यांचे अनुभव वाचकापर्यंत येतात ते लेखिकेच्या प्रमाण मराठीतून. वारल्यांनी लेखिकेला ‘गोदाराणी’ म्हटले, यात अपार प्रेम आहे. पण मालकशाही झुगारणाऱ्यांच्या ओठी आदरासाठी ‘राणी’ हाच शब्द यावा, यावरून जुन्या शब्दांची पकड किती चिवट असते हेही दिसते. हे आक्षेप ग्रंथाचे मोल कमी करीत नाहीत. ज्यांना लेखणी मिळाली नव्हती त्यांची बाजू प्रामाणिकपणे नोंदविणाऱ्या ग्रंथाची ही अपरिहार्य मर्यादा आहे.

त्यानंतर बरेच बदलले. संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारीस मनाई केली आणि १९७६ साली तिच्या निर्मूलनाचा स्वतंत्र अधिनियम झाला. वारल्यांचा तो मुलूख २०१४ साली पालघर जिल्ह्यात गेला आणि टिटवाळे कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेत सामावले. शब्द मात्र नाहीसे झाले नाहीत, त्यांनी केवळ स्थलांतर केले. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील नाक्यांवर सकाळी कामाची वाट पाहत उभ्या असलेल्या अकुशल मजुराला आजही ‘बिगारी’ म्हणतात. त्याला रोज मिळतो, म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ गेला. परंतु रोज न मिळाल्यास दाद कोठे मागावी हे त्याला सहसा ठाऊक नसते, म्हणजे मूळ अर्थ पुरता गेलेलाही नाही. वीटभट्टीवर जाणारे कातकरी कुटुंब आधी ‘उचल’ घेते आणि हंगामभर ती फेडीत राहते. ‘उचल’ या निरुपद्रवी शब्दामागे ‘लग्नगडी’ची छाया कितपत उरली आहे, हे तपासण्याचे काम भाषेच्या अभ्यासकाचेही आहे.

कायदा एखादी प्रथा रद्द करू शकतो. तिचा शब्द रद्द करणे त्याच्या हाती नसते. तो शब्द उच्चारणाऱ्या माणसाने त्याचा अर्थ विचारावा लागतो. हा प्रश्न सर्वांत कमी साधने असलेल्या माणसांनी मराठीत विचारला, याची नोंद या ग्रंथाने करून ठेवली आहे. त्याचे महत्त्व यातच आहे.