‘आम्ही’पासून ‘आपण’पर्यंत : ड्युसेलडॉर्फचा एक रॉक बँड

मंडळी, आपल्या मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात लहान मुलांच्या घोळक्याजवळ दहा मिनिटं उभं राहा. एक वाक्य हमखास कानावर पडेल : "बाबा, आम्ही कधी घरी जाऊ या?" आपण लगेच दुरुस्त करतो, "आम्ही नाही गं, आपण!" त्यावर पोरगी विचारते, "फरक काय?" आता काय सांगणार? ज्याच्याशी बोलतोय त्याला धरून असेल तर ‘आपण’, त्याला वगळून असेल तर ‘आम्ही’. जर्मनला ही भानगडच ठाऊक नाही. तिथे दोन्हींना मिळून एकच शब्द, ‘वीर’. (उच्चार शूरवीरातल्या वीरासारखा, पण त्यात शौर्य असतंच असं नाही.)

या सर्वनामाचा घोळ मला नीट कळला तो व्याकरणाच्या पुस्तकातून नव्हे, एका रॉक बँडमुळे. ‘डी टोटेन होझेन’ हे त्याचं नाव. शब्दशः अर्थ ‘मेलेल्या विजारी’! एखाद्या गावात संध्याकाळी सहानंतर चिटपाखरू दिसत नसेल, तर जर्मन माणूस म्हणतो, ‘तिथे टोटे होझे आहे’. त्यावरून हे नाव.

मी २००४ मध्ये मास्टर्स करायला इथे आलो. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना आमचं रॉक म्हणजे अमेरिकन रॉक : निर्वाणा, आर.ई.एम., झिजेपर्यंत ऐकलेल्या कॅसेट्स. निर्वाणाचा शेवटचा कार्यक्रम १ मार्च १९९४ ला म्युनिकच्या जुन्या विमानतळावर झाला, हे ज्ञान मी होस्टेलच्या स्वयंपाकघरात भेटेल त्याला ऐकवत असे. शेजारच्या खोलीतला जर्मन मुलगा मात्र दिवसरात्र होझेन लावायचा. तीन कॉर्ड, आरडाओरडा आणि दारूवरची गाणी, असा निकाल मी दोन आठवड्यांत देऊन टाकला. तो निकाल अगदीच चुकीचा नव्हता. अपुरा होता.

बँडची सुरुवात १९८२ सालची. ड्युसेलडॉर्फच्या जुन्या गावठाणात ‘राटिंगर होफ’ नावाचा पब होता, तिथे पंक मंडळींचा अड्डा असे. त्यातून ही टोळी जमली. गायक कँपिनो (खरं नाव आंड्रेआस फ्रेगे, आई इंग्रज), कुडल, आंडी आणि ब्रायटी हे चौघे तेव्हापासून आजतागायत एकत्र आहेत. ढोलकवाले तेवढे बदलत गेले. पहिला कार्यक्रम ब्रेमेनला, आणि जाहिरातीत नाव छापलं ‘डी टोटेन हाझेन’, म्हणजे मेलेले ससे! पुढच्याच वर्षी, मार्च १९८३ मध्ये, हे लोक साधे प्रवासी म्हणून पूर्व बर्लिनमध्ये शिरले आणि एका चर्चमध्ये, प्रार्थनासभेच्या आडोशाने, मोजक्या श्रोत्यांसमोर वाजवून आले. त्याच वर्षी पहिला अल्बम आला, ‘ओपेल-गँग’.

या काळातलं त्यांचं ‘वीर’ म्हणजे शंभर टक्के ‘आम्ही’. आम्ही चार टवाळ पोरं, आणि समोर तुम्ही सगळे : मास्तर, पोलीस, शेजारीपाजारी. गल्लीतल्या मुलांनी वर्गणी न देणाऱ्याच्या दारात मुद्दाम ढोल बडवावेत, तसा हा प्रकार. मजा आहे, पण तासाभरानं कान किटतात.

खरं वळण १९८८ चं. ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ या कादंबरीवरच्या बॉनमधल्या नाट्यप्रयोगात बँडने काम केलं. त्यातून ‘हीअर कॉम्ट आलेक्स’ हे गाणं आणि एक सलग अल्बम निघाला. इथे पहिल्यांदाच हिंसेची नशा चढलेल्या टोळीकडे ते बाहेरून बघतात. ‘आम्ही’ म्हणण्यात किती सुख असतं आणि ते किती लवकर सडतं, हे त्यांना कळलेलं दिसतं. माझ्या मते त्यांचं सर्वोत्तम काम हेच.

मग देशाची परीक्षा आली. जर्मनी एक झाली. ऑगस्ट १९९२ मध्ये रोस्टोकला निर्वासितांच्या वस्तीवर जमाव चालून गेला. मे १९९३ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या शेजारच्या झोलिंगेनमध्ये एका तुर्की कुटुंबाचं घर पेटवलं, पाच मुली-बायका जळून मेल्या. होझेननी झोलिंगेनच्या काही महिने आधीच ‘साशा’ हे एका निओनाझीची टर उडवणारं गाणं काढलं होतं आणि त्याची कमाई वंशद्वेषाविरुद्धच्या कामाला दिली होती. गाणं म्हणून ते ओबडधोबड आहे. पण ‘आम्ही जर्मन’ या शब्दांवर कुणी मालकी सांगत असताना, एका लोकप्रिय जर्मन बँडने त्याच भाषेत ती नाकारणं ही लहान गोष्ट नव्हती.

श्रोते वाढत गेले, आणि गर्दीची दुसरी बाजूही दिसली. २८ जून १९९७ ला ड्युसेलडॉर्फच्या राइनस्टाडियोनमध्ये त्यांचा हजारावा कार्यक्रम होता. चेंगराचेंगरीत सोळा वर्षांची एक डच मुलगी गेली. पुढचे कार्यक्रम रद्द झाले, बँड दीर्घकाळ शांत राहिला. त्यानंतरच्या गाण्यांमध्ये मृत्यू वारंवार येतो. २००२ च्या अल्बममधलं ‘नूर त्सू बेझूख’ ऐका : आईच्या थडग्याशी जाऊन बोलणारा मुलगा. त्यात घोषणा नाही, टोळी नाही. आईवडिलांना सात समुद्रांपलीकडे ठेवून आलेल्या आपल्यासारख्यांना ते शांतपणे पूर्ण ऐकणं जड जातं. मला तरी जातं.

आणि मग २०१२. बँडची तिशी, आणि ‘टागे वी डीझे’ हे गाणं. मित्रांना भेटायचं, गर्दीत मिसळायचं, हा दिवस संपू नये असं वाटायचं, बस, एवढाच विषय. त्याच मे महिन्यात फोर्टुना ड्युसेलडॉर्फ हा क्लब पंधरा वर्षांनी बुंडेसलीगात परतला. (क्लब खालच्या विभागात गटांगळ्या खात होता तेव्हा त्याच्या जर्सीवर होझेनची कवटी होती, हे इथे कुणी विसरत नाही.) सगळं शहर ते गाणं गात होतं. मग सगळा देश गाऊ लागला : लग्नात, शाळेच्या निरोप समारंभात, बिअरच्या तंबूत. ‘आम्ही’चं अखेर ‘आपण’ झालं.

पण ‘आपण’ला दार नसतं. सप्टेंबर २०१३ मध्ये निवडणूक जिंकल्यावर सीडीयूच्या नेत्यांनी व्यासपीठावर हेच गाणं म्हटलं. राजकीय सभांत आपलं गाणं वाजू नये असं बँडने आधीच जाहीर केलं होतं. पुढे खुद्द अँगेला मर्केल यांनी कँपिनोला फोन केला. मला बँडचा वैताग समजतो, पण त्यांची बाजू पूर्ण पटत नाही. ज्या गाण्यात पत्ताच लिहिलेला नाही, त्यात कुणीही येऊन राहणार. जे सगळ्यांचं व्हावं म्हणून रचलं, ते नावडत्या माणसांचंही होतं. पत्ता स्पष्ट कसा लिहितात हे त्यांनीच त्याच ऑक्टोबरमध्ये दाखवलं. नाझींनी १९३८ मध्ये ड्युसेलडॉर्फमध्ये ‘विकृत संगीत’ म्हणून प्रदर्शन भरवलं होतं. त्याला ७५ वर्षं झाली, तेव्हा टोनहाले सभागृहात शहराच्या संगीत महाविद्यालयाच्या वाद्यवृंदाबरोबर बँडने त्या बंदी घातलेल्या संगीतकारांच्या रचना वाजवल्या.

आता २०१८ ची गोष्ट. ऑगस्टअखेरीस केमनिट्झमध्ये एका माणसाचा खून झाला, आणि परदेशी दिसणाऱ्यांच्या मागे लोक धावले. नेमकं माझं प्रोजेक्ट तेव्हा सॅक्सनीत होतं. दर सोमवारी जायचं, गुरुवारी परत. त्या आठवड्यात बायकोनं बजावलं होतं, "अंधार पडल्यावर हॉटेलबाहेर पडू नकोस." सोमवारी, ३ सप्टेंबरला, केमनिट्झमध्ये होझेन आणि इतर काही कलाकारांचा फुकट कार्यक्रम झाला. सुमारे ६५,००० लोक आले. कार्यक्रमाचं नाव ‘वीर झिंड मेअर’. मी खोलीत बसून लॅपटॉपवर बघत होतो. मुलगी तेव्हा तिसरीत होती. मुलांच्या बातम्यांत तिनं ते ऐकलेलं. फोनवर तिनं विचारलं, "बाबा, त्या वीरमध्ये आम्ही आहोत का?"

सवयीनं तोंडावर आलं होतं, "आम्ही नाही, आपण." पण तेवढ्यात लक्षात आलं की प्रश्न नेमका तोच होता. त्या तीन शब्दांचं मराठी करताना मला निवडावंच लागतं. ‘आम्ही जास्त आहोत’ म्हटलं तर ती मोजदाद झाली, थोडी दमदाटीही. मंचावर ते, आणि आपण नशीबवान पाहुणे. ‘आपण जास्त आहोत’ म्हटलं तर ते आमंत्रण. जर्मनमध्ये हे दोन्ही एकाच शब्दात झाकलं जातं. मी तिला "हो, आहोत" म्हटलं. दिवे मालवून खिडकीचा पडदा मात्र ओढून घेतला, हेही खरं.

संगीताच्या कसोटीवर होझेन थोर नाहीत. याच शहराच्या क्राफ्टवेर्कनं जगाचा कान बदलला, तसं यांनी काही केलं नाही. आर.ई.एम.सारखं २०११ मध्ये समाधानानं थांबणंही यांना जमलं नाही. पण चाळीसहून अधिक वर्षं हे लोक एका सर्वनामाशी झटत आले, कधी चुकले, कधी सावरले, आणि हे सगळं भर गर्दीत. तेवढ्यासाठी तरी त्यांना ऐकावं. मुलांबरोबर ऐकलंत तर आधी ‘आलेक्स’, मग ‘नूर त्सू बेझूख’, आणि शेवटी ‘टागे वी डीझे’.

मुलगी आता सोळा वर्षांची आहे. मराठीतला फरक तिला नीट कळतो. जर्मनमध्ये मात्र समोरचा ‘वीर’ म्हणतो तेव्हा त्यात कोण आहे आणि कोण नाही, हे दर वेळी अंदाजानंच ओळखावं लागतं. तिलाही, आणि आपल्यालाही.