अनिर्णित अंत आणि तहकूब अंत

मराठी गुन्हेकथेला निःसंदिग्ध शेवटाची सवय फार जुनी आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांवर ज्या पिढ्या वाढल्या, त्यांना त्या कथांतील गुप्तहेर धनंजयाने हाती घेतलेले प्रकरण अखेरच्या पानावर न उलगडता राहील ही शंकाच कधी शिवली नाही. पुढे दूरदर्शनवरील 'एक शून्य शून्य' आणि 'हॅलो इन्स्पेक्टर' यांनी तीच परंपरा पडद्यावर आणली. आणि 'एक शून्य शून्य'चेच कर्ते बी. पी. सिंग यांनी शिवाजी साटमांना घेऊन १९९८ पासून २०१८ पर्यंत हिंदीत 'सीआयडी' चालविली, तेव्हा प्रत्येक गुन्ह्याचा निकाल कबुलीजबाबासह पदरात पडणे हा प्रेक्षकाचा जणू वतनी हक्कच ठरला.

या हक्कावर गदा आणणारे अंत गेल्या काही वर्षांत वारंवार येऊ लागले आहेत, आणि त्यांवरील वादात एक पक्ष 'आम्हांला फसविले' म्हणतो तर दुसरा 'आयुष्यात तरी कुठे सारे कळते?' असा प्रतिप्रश्न करतो. हे दोन्ही पक्ष अपुरे आहेत, कारण सर्व संदिग्धता एकाच जातीची नसते. चिखली-खामगाव रस्त्यावरील अमडापुरासारख्या, स्वतःचे पोलीस ठाणे असलेल्या गावातील माणसाला हा भेद समजावून सांगावा लागू नये. गुन्हा खरा घडला, पंचनामा झाला, साक्षीदारांच्या जबान्या झाल्या, आणि इतके करूनही गुन्हेगाराचा माग लागला नाही, तर पोलीस दंडाधिकाऱ्यांकडे 'अ' समरीचा अहवाल पाठवितात. प्रकरण उलगडलेले नसते, पण दप्तर पुरे असते. याउलट तारखेमागून तारीख पडून खटला नुसता तहकूब होत राहिला, तर तेथेही निकाल नसतो; मात्र त्या निकाल नसण्यातून सत्याविषयी काहीच हाती लागत नाही. मालिकेचा संदिग्ध अंत पाहताना हाच प्रश्न विचारावयाचा की, हे पुरे झालेले दप्तर आहे की नुसती तहकुबी?

१० जून २००७ रोजी अमेरिकेतील 'द सोप्रानोज' ही मालिका एका उपाहारगृहातील प्रसंगाच्या मध्यावर पडदा काळा करून संपली, आणि गुन्हेगारी टोळीचा म्होरक्या असलेला नायक टोनी मेला की जगला यावर आजही वाद चालतो. तरीही तो अंत पहिल्या जातीचा आहे. कारण दार उघडताच मान वर करून पाहण्याचे जे भय या माणसाने स्वकर्माने जोडले, ते सहा पर्वांत इतक्या साक्षीपुराव्यानिशी मांडले गेले होते की, गोळी सुटली की नाही हे सांगण्याने त्यात तिळमात्र भर पडली नसती.

आपल्या मुंबईत घडणाऱ्या 'सेक्रेड गेम्स'चे दुसरे पर्व ऑगस्ट २०१९ मध्ये आले. अणुबॉम्ब निकामी करण्याचा पोलीस अधिकारी सरताजचा शेवटचा प्रयत्न सफल झाला की नाही, हे न सांगताच ते थांबते. पदोपदी अपयश पचविलेल्या या अधिकाऱ्याच्या चरित्राशी हा अंत काही अंशी सुसंगत आहे हे मान्य केले, तरी येथे अज्ञात ठेवलेली गोष्ट मनुष्यस्वभावाची नसून एका यंत्राची आहे. पुढे तिसरे पर्व निघालेच नाही, म्हणून तहकुबीलाच लोक अनिर्णय समजू लागले.

घरच्या मालिकांत ही तहकुबी अधिक उघड दिसते. कोकणातील वाड्यात घडणारे प्रकार भुताचे की माणसाच्या हातचे, या उत्तम संशयावर २०१६ सालची 'रात्रीस खेळ चाले' उभी राहिली. अण्णा नाईकांच्या मृत्यूपासून तिचा आरंभ होतो. परंतु २०१९ च्या दुसऱ्या पर्वात कथा भूतकाळात नेऊन अण्णा जिवंत केले गेले, २०२१ च्या तिसऱ्यात अण्णा आणि त्यांची प्रेयसी शेवंता यांची भुतेच वावरू लागली, आणि ज्या प्रश्नाचा निवाडा पुराव्याने व्हावयाचा तो पात्रांच्या लोकप्रियतेने झाला.

'देवमाणूस'ची गोष्ट याहून बोधप्रद आहे. वाई परिसरात २०१६ साली उघडकीस आलेल्या हत्यांची छाया या मालिकेवर होती, आणि मालिका संपली त्या ऑगस्ट २०२१ मध्ये तो खरा खटला न्यायालयात चालूच होता. गावाने डॉक्टर म्हणून पूजलेल्या माणसाविषयी गावाला नेमके किती ठाऊक होते, आणि ठाऊक असून किती जणांनी डोळेझाक केली, हा प्रश्न अनुत्तरित ठेवण्याची केवढी संधी येथे होती! प्रत्यक्षात डिसेंबरातच दुसरे पर्व आले, २०२५ मध्ये 'मधला अध्याय' अवतरला, आणि खुनी पुन्हा येणार की नाही एवढीच जिज्ञासा शिल्लक उरली.

रत्नाकर मतकरींच्या गूढकथांनी मराठी वाचकाला अपुऱ्या उत्तरासह झोपी जाण्याची सवय केव्हाच लाविली आहे. तेव्हा मराठी प्रेक्षक अनिर्णय सोसण्यास असमर्थ आहे, हा सबबीचा अर्ज दाखल करून घेण्याजोगा नाही. लेखकाने पुरावा राखून न ठेवता सगळा पुढे मांडावा, आणि मग निर्णय खुशाल आमच्यावर सोपवावा; आम्ही आपसांत भांडू, पण फसविले गेल्याची फिर्याद करणार नाही.