देणगी आणि दीनार

स्वमग्न व्यक्तीला नायकपद देणाऱ्या दोन चित्रपटांचा येथे आम्ही एका मर्यादित प्रश्नापुरता विचार करणार आहोत. तो प्रश्न असा : या नायकांच्या अंगी असलेल्या असामान्य गुणाचे मोल अखेर कोणाच्या पदरात पडते? कलाकृतीला असा व्यवहारी प्रश्न विचारणे काहींना रुक्षपणाचे वाटेल. परंतु आमचे सोलापूर हे मजुरीचे गाव आहे. येथे विडीची मजुरी हजारावर ठरते, आणि कोण किती मिळवतो यावरून पुष्कळदा त्याचे घरातील स्थानही ठरते. अशा गावात स्वमग्न मुलाच्या आईबापांना झोप लागू न देणारी चिंता एकच असते : आमच्या माघारी याचे कसे होणार? या चिंतेला कलावंतांनी काय उत्तर दिले हे पाहणे आम्ही समीक्षेचेच काम समजतो.

बॅरी लेव्हिन्सन यांचा 'रेन मॅन' १९८८ साली आला आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर पारितोषिके त्याला लाभली. जगातील सामान्य प्रेक्षकाच्या मनात स्वमग्नतेचे जे चित्र ठसले, ते बव्हंशी याच चित्रपटाने ठसविले. संस्थेत वाढलेला रेमंड आणि त्याचा कर्जबाजारी धाकटा भाऊ चार्ली यांची ही कथा. तीतील एक छोटा प्रसंग आम्हांला सर्वांत मर्मभेदी वाटतो. एक डॉक्टर रेमंडला मोठमोठ्या संख्यांचे गुणाकार विचारतो. रेमंड ते क्षणार्धात सांगतो. मग डॉक्टर चॉकलेटच्या वडीची किंमत विचारतो आणि त्यापाठोपाठ मोटारीची. दोन्हींना रेमंडचे उत्तर एकच : सुमारे शंभर डॉलर. संख्येचे राज्य ज्याला लाभले त्याला किमतीचे जग परके आहे, हे सत्य इतक्या थोडक्यात क्वचितच कोणी सांगितले असेल.

दुर्दैवाने चित्रपट या सत्यापाशी थांबत नाही. लास वेगासच्या जुगारगृहात चार्ली भावाच्या स्मरणशक्तीच्या बळावर पत्त्यांत पैसा जिंकतो व आपले कर्ज फेडतो. रेमंडच्या वाट्याला नवा सूट, एक नाच आणि शेवटी संस्थेकडे नेणारी आगगाडी येते. चार्लीचे अंतःकरण पालटते, देऊ केलेले अडीच लाख डॉलर तो नाकारतो, हे खरे. आणि ते डस्टिन हॉफमन व टॉम क्रूझ यांनी संयमाने रंगविले आहे. तथापि पालट झाला तो चार्लीचा. रेमंडच्या देणगीवर त्याचाही काही हक्क आहे, हा विचार कथेला शिवतदेखील नाही.

येथे एक वस्तुस्थिती ध्यानात घ्यावी. पटकथाकार बॅरी मॉरो यांना या पात्राची प्रेरणा मिळाली ती सॉल्ट लेक सिटीच्या किम पीक (१९५१–२००९) यांच्याकडून. पीक हे स्वमग्न नसावेत असे पुढे तज्ज्ञांचे मत झाले. त्यांची स्मरणशक्ती मात्र अलौकिक होती. हे पीक अपंगांच्या एका कार्यशाळेत वेतनपत्रके तयार करीत, आणि हिशेब तोंडी करीत. म्हणजे ज्याच्यावरून हे पात्र बेतले त्या माणसाने आपला गुण कामाला लावला होता. चित्रपटाने तो गुण ठेवला, काम तेवढे गाळले. जुगाराचे टेबल नाट्यमय असते. पगाराच्या वहीत नाट्य कुठले?

करण जोहर यांचा 'माय नेम इज खान' (२०१०) या बाबतीत एक पाऊल पुढे आहे. बोरिवलीत वाढलेल्या रिझवानचा हात यंत्रात चालतो. अमेरिकेत तो प्रथम भावाच्या धंद्यात सौंदर्यप्रसाधने विकतो. पुढे दीर्घ प्रवासात, जवळजवळ काहीही दुरुस्त करून मिळेल अशी पाटी घेऊन तो वाटखर्च कमावतो. ही पाटी आम्हांला चित्रपटातील सर्वांत प्रामाणिक वस्तू वाटते. तिच्यात याचना नाही आणि चमत्कारही नाही. 'मला हे येते, तुम्हांला त्याची गरज आहे काय?' एवढाच तिचा आशय. परंतु दिग्दर्शकाला एवढ्यावर समाधान नव्हते. रिझवानला महापुराशी झुंजावे लागते, राष्ट्राध्यक्षांची भेट घ्यावी लागते. कारागीर पडद्याआड जातो आणि संतपुरुष उरतो.

दोन्ही कथांचे गृहीत एकच आहे : समाजात जागा हवी असेल तर स्वमग्न माणसाने अलौकिक असले पाहिजे. हे गृहीत घातक आहे, कारण अशी अद्भुत देणगी बहुसंख्य स्वमग्न व्यक्तींना नसते. ज्यांना असते त्यांनाही ती एकटी पुरत नाही. पशुधनाच्या हाताळणीसाठी आवारांचे आराखडे करून नाव मिळविणाऱ्या टेंपल ग्रँडिन स्वतः स्वमग्न आहेत. मुलाखतीत आपले व्यक्तिमत्त्व विकण्यापेक्षा केलेले काम पुढे ठेवावे, असा त्यांचा आग्रह असतो. पण काम पुढे ठेवायचे तर पाहणारा कोणी हवा. मुंबईत जुहू येथे यश चॅरिटेबल ट्रस्टने २०१८ साली 'कॅफे अर्पण' सुरू केला; तेथे स्वमग्न व बौद्धिक अपंगत्व असलेल्या प्रौढांना रोजगार मिळाला, आणि त्यासाठी कोणाला विक्रम करून दाखवावा लागला नाही. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखही नव्हता. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व, मानसिक आजार आदींसाठी मिळून एक टक्का जागा राखल्या. दार किलकिले झाले आहे, एवढेच.

आमच्या चादरीची नक्षी जेकार्डच्या कार्डांतून उतरत आली. चौकटींच्या कागदावर नक्षी मांडायची, तिच्याबरहुकूम पुठ्ठ्याला भोके पाडायची. एक भोक चुकले की तो दोष प्रत्येक चादरीत उमटतो. अशी अचूकता कोणा स्वमग्न तरुणाच्या हाती असू शकेल. प्रत्येकाच्या असेल असे म्हणणे ही आणखी एक रम्य कल्पनाच ठरेल. पण कोणाच्या आहे हे विचारण्याची तसदी कारखानदाराने घ्यावी, ही अपेक्षा रम्य नव्हे.

इंग्रजीतील 'टॅलेंट' हा शब्द मत्तयच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायाने रूढ केला, हे वाचकांस ठाऊक आहे. मुळात ते धनाचे वजन. धन्याने सोपविलेले धन पुरून ठेवणाऱ्या दासाचा दृष्टान्त आपण व्यासपीठावरून वारंवार ऐकतो आणि देणगी वाढवा असा बोध घेतो. त्याच शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याचा दृष्टान्त त्याच्या शेजारी ठेवून वाचला पाहिजे. तेथे माप टॅलेंटचे नाही, दीनाराचे, म्हणजे एका दिवसाच्या मजुरीचे आहे. दिवस कलेपर्यंत चौकात रिकामे उभे असलेले लोक आळशी नव्हते. त्यांना कोणी कामाला बोलावलेच नव्हते. धनी स्वतः चौकात जातो, त्यांना मळ्यात धाडतो आणि संध्याकाळी पुरा दीनार त्यांच्या हातावर ठेवतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी श्रमाविषयीच्या १९८१ च्या परिपत्रकात हेच तत्त्व मांडले : केवळ धडधाकटांनाच कामात, पर्यायाने समाजात, प्रवेश देणे माणुसकीला न शोभणारे आहे.

'रेन मॅन' आणि 'माय नेम इज खान' यांनी स्वमग्न माणसावर प्रेम करायला शिकविले, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. पण ते प्रेम टॅलेंटवरचे होते. दीनाराची कथा अजून लिहावयाची आहे. तिच्यात जुगारगृह नसेल, महापूर नसेल. आपले आठवड्याचे काम पुरे करून, आपल्या नावाचे पाकीट घेऊन घरी परतणारा एक माणूस असेल. आमच्या लेखकांना हा विषय नीरस वाटू नये. ज्या घरात असे पाकीट पहिल्यांदा येते, तेथे ती घटना कोणत्याही चमत्काराहून लहान नसते.