मोळी आणि आंघोळ

‘श्यामची आई’ या पुस्तकावर टीका करावयाची म्हणजे घरच्या देव्हाऱ्यातील मूर्ती हलविल्यासारखे मराठी माणसास वाटते. तरीही त्यातील ‘देवाला सारी प्रिय’ या प्रकरणाविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस भाग पडले आहे.

बंगळूर येथील आमच्या सरकारी वसाहतीत रविवारी सायंकाळी पाचसात मराठी मुले जमवून आम्ही हे पुस्तक मोठ्याने वाचतो. महार म्हातारीच्या डोक्यावर मोळी चढवून देण्यास आई श्यामला पाठविते आणि मग घरी येऊन आंघोळ करण्यास सांगते, एवढे वाचून होताच दुसरीतल्या एका मुलीने विचारले, “मग म्हातारीनेपण घरी जाऊन आंघोळ केली का?” आम्ही निरुत्तर झालो. हे प्रकरण आम्ही लहानपणापासून किती वेळा वाचले असेल. ती आंघोळ आम्हांस कधी खुपली नव्हती. डोळ्यांत पाणी असले की तपशील दिसत नाहीत.

साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. ती आंघोळ त्यांना सहज गाळता आली असती. त्यांनी ती गाळली नाही, हा त्यांचा प्रामाणिकपणा होय. कोकणातील त्या माउलीचे पाऊल त्या काळी जिथवर पडू शकले तिथवरच त्यांनी ते दाखविले. पण मुलाच्या मनावर काय उमटते? मोळी उचलून देणे हा चांगुलपणा, आणि नंतरची आंघोळ ही रीत. दोन्ही एकाच आईच्या तोंडून. या प्रकरणातून दया शिकता येते, आणि ती थोडकी नव्हे. समता मात्र शिकता येत नाही. गुरुजी स्वतः त्या आंघोळीच्या फार पुढे गेले. विठ्ठलाचे दार हरिजनांस उघडावे म्हणून मे १९४७ मध्ये त्यांनी पंढरपुरात प्राण पणास लावून उपोषण केले, आणि दार उघडले. मुलांना प्रकरण वाचून दाखविणाऱ्याने ही हकिकत त्याच बैठकीत सांगावी, असे आमचे मत आहे.

तेवढ्यानेही उणीव भरत नाही. कारण गोष्ट अखेर मोळी उचलून देणाऱ्याचीच राहते. दुसऱ्या बाजूचे बालपण डॉ. आंबेडकरांनी लिहून ठेवले आहे: शाळेत शिपायाने वरून पाणी ओतावे, शिपाई नसेल त्या दिवशी तहानेने बसावे. आणि आम्ही ज्या नगरीत अन्न खातो तिथलेच कवी सिद्धलिंगय्या (ते २०२१ साली निवर्तले) यांचे ‘ऊरु केरी’ हे कन्नड आत्मचरित्र पाहावे. ऊरु म्हणजे गाव, केरी म्हणजे दलितांची वस्ती. लहानग्या लेखकास शेतात बैलांच्या जागी दोन माणसे जुंपलेली दिसतात. त्यांतला एक त्याचा बाप. या पुस्तकात रडारड नाही. उलट जागोजागी हसू येते, आणि मुलांना ऐकविण्यास ते अधिक सोयीचे. मराठी अधिकारी इथे वर्षानुवर्षे राहून कन्नड शिकत नाहीत, ही खंत येथे नोंदविण्याचा मोह आवरत नाही. आमचेही कन्नड भाजी बाजारापुरतेच. एका शेजाऱ्यांनी अर्थ सांगितला म्हणून निभावले.

पुढच्या रविवारी ते दृश्य मुलांना सांगितले. त्याच मुलीने विचारले, “शेत कोणाचं होतं?”