पद्यांतलें बालपण

आत्मचरित्र गद्यांतच लिहावें असा कोणीं नियम केलेला नाहीं. तथापि तें पद्यांत पुढें आलें, कीं ह्या ओळी पद्य म्हणून जगतात कीं केवळ तोडलेलें गद्य आहेत, असा प्रश्न विचारणें टीकाकारास प्राप्तच होतें. जॅकलिन वुडसन ह्या अमेरिकन लेखिकेच्या ‘ब्राउन गर्ल ड्रीमिंग’ (२०१४) ह्या पुस्तकास आम्ही हाच प्रश्न विचारूं इच्छितों. किशोरवाङ्मयाचें राष्ट्रीय ग्रंथ पारितोषिक त्यास त्याच वर्षीं मिळालें. पण पारितोषिक हें कांहीं ह्या प्रश्नाचें उत्तर नव्हे.

लेखिकेचा जन्म १९६३ सालीं ओहायो राज्यांतील कोलंबस शहरीं, एका कृष्णवर्णीय कुटुंबांत झाला. आईबाप विभक्त झाल्यावर तिचें बालपण प्रथम दक्षिण कॅरोलिनांतील ग्रीनव्हिल येथें आजी-आजोबांच्या घरीं, व पुढें न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांत गेलें. आजोबांची बाग, आजीची कडक धर्मशिस्त, हीं लहान लहान मुक्त कवितांतून येतात. ग्रीनव्हिलमध्यें ‘फक्त गोऱ्यांसाठीं’ हीं अक्षरें रंगानें झांकलीं जातात. पण कांहीं दारांवर तीं पातळ रंगाखालून वाचतां येतात. कायदा बदलला, दार बदललें नाहीं, हें मुलीच्या डोळ्यांस दिसतें; त्यावर व्याख्यान झोडण्याचा मोह लेखिकेनें टाळला आहे.

आमच्या प्रश्नाचें उत्तर मात्र शाळेच्या प्रसंगांत आहे. थोरली बहीण वाचनांत हुशार; ही मुलगी मागें पडणारी. तीच ऑस्कर वाइल्डची स्वार्थी राक्षसाची गोष्ट पुस्तक न उघडतां वर्गांत सांगते आणि सारे थक्क होतात. अक्षरांनीं जें दिलें नाहीं तें कानांनीं दिलें! ऐकण्याविषयींचे हायकू पुस्तकभर विखुरले आहेत ते उगीच नव्हेत. ओळ तुटते तेथें ऐकणारी मुलगी थांबते. दोन कवितांमधील कोऱ्या जागेंत न आठवणारें राहतें. हें पद्य वेषासाठीं घेतलेलें नाहीं. आवाज सांपडण्याची रीतच तें आहे.

शेवटच्या भागाविषयीं मात्र आमची तक्रार आहे. तेथें आपण लेखिका होणार हें वारंवार उच्चारून सांगितलें जातें. जें वाचकानें स्वतः ओळखलें होतें, त्याची घोषणा कशास हवी? एवढें वैगुण्य सोडल्यास पुस्तक संग्राह्य आहे. तें मनांतल्या मनांत न वाचतां मोठ्यानें वाचावें, अशी आमची वाचकांस शिफारस आहे.