उजेड कुणाचा, वेळ कुणाची? : बीबीसी-२ च्या प्रकाशझोत करंडकाचा १९७३चा हंगाम

२० एप्रिल १९६४च्या संध्याकाळी लंडनमध्ये बीबीसी-२ ही वाहिनी सुरू व्हायची होती. बॅटरसी वीजकेंद्रात आग लागली, पश्चिम लंडन अंधारात गेले आणि उद्घाटन बारगळले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पडदा उघडला तेव्हा अंधाऱ्या स्टुडिओत बसलेल्या डेनिस टुओही या निवेदकाने एक मेणबत्ती फुंकली आणि कार्यक्रम सुरू झाले. पुढे याच वाहिनीने स्वतःच्या नावाने एक क्रीडास्पर्धा भरवली. त्या स्पर्धेत भाग घेण्याची मुख्य अट अशी, की क्लबाच्या मैदानावर प्रकाशझोत हवेत. ‘बीबीसी-२ फ्लडलिट ट्रॉफी’ हे तिचे नाव. १९६५ ते १९७९ अशी पंधरा वर्षे ती चालली. तिच्या १९७३च्या हंगामाविषयी मला लिहायचे आहे, कारण त्या वर्षी या दिव्यांच्या करंडकाचा अंतिम सामना भर दुपारी खेळवावा लागला.

विनोद म्हणून हा प्रसंग अनेकदा सांगितला जातो आणि विनोद म्हणून तो चांगलाच आहे. पण त्यात अडकलेला प्रश्न गंभीर आहे. कामगाराचा वेळ कुणाच्या मालकीचा, हा तो प्रश्न. रग्बी लीग हा खेळ जन्मालाच त्या प्रश्नातून आला.

थोडे मागे जायला हवे. रग्बीचे नियंत्रण एकोणिसाव्या शतकात दक्षिणेतल्या सुखवस्तू, पब्लिक स्कूलमध्ये शिकलेल्या मंडळींच्या हाती होते. खेळासाठी पैसे घेणे हे त्यांच्या लेखी पाप. यॉर्कशर आणि लँकशरमधले खेळाडू मात्र खाणीत, गिरणीत, गोदीत राबणारे. शनिवारी सामना खेळायचा तर त्या दिवसाची मजुरी बुडे. ती बुडालेली मजुरी क्लबाने भरून द्यावी, एवढीच उत्तरेची मागणी होती. ती फेटाळली गेली, तेव्हा २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. पुढे खेळाडू पंधराचे तेरा झाले, नियम बदलले, १९२२मध्ये ‘रग्बी लीग’ हे नाव आले. पण मूळ भांडण खेळाच्या नियमांचे नव्हते. ते बुडालेल्या दिवसाचे होते.

सत्तर वर्षांनी या खेळाकडे दूरचित्रवाणी आली ती संध्याकाळ मागत. १९६५मध्ये बीबीसी-२ ची सूत्रे डेव्हिड ॲटनबरो यांच्याकडे आली. प्राण्यांवरच्या माहितीपटांमुळे आपल्याला ठाऊक असलेले तेच ॲटनबरो. नव्या वाहिनीला वेगळे काहीतरी हवे होते आणि उत्तरेकडचा प्रेक्षकही हवा होता. रविवारी दुपारी संपणारे मर्यादित षटकांचे क्रिकेट दाखवण्याचा उद्योगही याच वाहिनीने त्या काळात केला. अंदाज साधा होता : जुन्या खेळाला ठरावीक वेळेच्या पेटीत बसवा. मंगळवारची रात्र, प्रकाशझोतातले मैदान, बाद पद्धतीची स्पर्धा. पहिल्या वर्षी मोजकेच क्लब पात्र ठरले, कारण दिवे मोजक्यांकडेच होते. नंतर संख्या वाढत गेली. पहिले तीन करंडक कॅसलफर्डने जिंकले. यॉर्कशरच्या कोळशाच्या पट्ट्यातले हे गाव, आणि ॲलन हार्डिस्टी व कीथ हेपवर्थ या हाफबॅकांच्या जोडीमुळे त्या काळी देखण्या खेळासाठी नावाजलेला संघ. मात्र पहिल्या अंतिम सामन्याचा निकाल होता ४-०, सेंट हेलन्सविरुद्ध. देखणेपणाला धावफलक दरवेळी साक्ष देतोच असे नाही.

दूरचित्रवाणीने या खेळाला किती वाकवले याचा स्वच्छ पुरावा दुसऱ्याच हंगामात मिळतो. तोवर चेंडू असलेला खेळाडू पकडला गेला, तरी त्याच्याच संघाकडे चेंडू कितीही वेळ राहू शकत असे. पकड, उठणे, दोन पावले, पुन्हा पकड. मैदानावर हाडे दुखत असली तरी पडद्यावर काही घडत नसे. ऑक्टोबर १९६६मध्ये चार पकडींचा नियम आला आणि ब्रिटनमध्ये तो आधी याच करंडकात वापरून पाहिला गेला. चार वेळा पकडले गेलात की मक्तेदारी संपली. १९७२मध्ये चाराच्या सहा झाल्या आणि आज जगभर रग्बी लीग त्या सहांवरच चालते. नियम केवळ दूरचित्रवाणीसाठी केला असे म्हणणे अन्यायाचे होईल, खेळातल्या जाणत्यांनाही तो हवा होता. पण प्रयोगासाठी कॅमेऱ्यासमोरची स्पर्धा निवडली गेली, हे मला बोलके वाटते. मराठी वाचकाला यासाठी लांब जायला नको. मॅटवरची, प्रकाशझोतातली कबड्डी पडद्यावर आली तेव्हा ‘करो या मरो’ची चढाई तिच्याबरोबर आलीच.

या प्रक्षेपणाची दुसरी खोड मला अधिक विचार करण्याजोगी वाटते. मंगळवारी दाखवला जाई तो सामन्याचा फक्त उत्तरार्ध. म्हणजे गण, गवळण, बतावणी सगळे वगळून थेट वगाला येऊन बसायचे. पहिल्या चाळीस मिनिटांत कोण कुणाला दमवतो, कुणाच्या बरगड्या शेकतात, पंच किती सैल सोडतो, हे सगळे बाहेर. उरतो तो निकाल. रग्बी लीग हा झिजवण्याचा खेळ आहे. साठाव्या मिनिटाला जी फट पडते, तिची मेहनत पंधराव्या मिनिटाला झालेली असते. उत्तरार्धच पाहणाऱ्याला ती फट म्हणजे चमत्कार वाटतो किंवा बचाव करणाऱ्याचा मूर्खपणा वाटतो.

नेमक्या याच काळात एका नाटककाराने उलटी काटछाट केली. डेव्हिड स्टोरी हा वेकफील्डच्या खाणकामगाराचा मुलगा. लंडनच्या स्लेड कलाशाळेत शिकत असताना लीड्स क्लबाशी करारबद्ध होता आणि सामन्यांसाठी आगगाडीने उत्तरेला येई. ‘धिस स्पोर्टिंग लाइफ’ ही त्याची कादंबरी आणि तिच्यावरचा लिंडसे अँडरसनचा चित्रपट अनेकांना माहीत आहे. १९७१मध्ये लंडनच्या रॉयल कोर्टमध्ये अँडरसननेच दिग्दर्शित केलेले त्याचे ‘द चेंजिंग रूम’ हे नाटक आपल्याकडे फारसे चर्चिले गेले नाही. ते सगळे घडते एका रग्बी लीग संघाच्या कपडे बदलण्याच्या खोलीत. सामन्याआधी, सामना चालू असताना आणि सामन्यानंतर. सामना रंगमंचावर येतच नाही. माणसे येतात, कपडे उतरवतात, मालिश करून घेतात, एकजण जखमी होऊन आत आणला जातो, मग अंघोळ, थट्टा, आणि घरी. खोलीची झाडलोट करणारा म्हातारा हॅरी सुरुवातीला एकटा असतो आणि शेवटीही एकटाच उरतो.

बीबीसी-२ ने सामन्याचा अर्धा भाग ठेवला, स्टोरीने पूर्ण सामनाच काढून टाकला. तरीही खेळ अधिक कळतो तो स्टोरीकडून, असे माझे मत आहे. कारण त्या खोलीत खेळाडू हा आठवडाभर दुसरीकडे राबणारा माणूस म्हणून येतो, आणि सोमवार त्याची वाट पाहत असतो. पडद्यावरच्या मंगळवारला सोमवारही नव्हता आणि बुधवारही.

आणि पडद्यामागून येणारा आवाज? तो एडी वेअरिंग यांचा. ड्यूझबरीचे हे गृहस्थ मूळचे पत्रकार आणि क्लब व्यवस्थापक. उंच मारलेल्या चेंडूला ‘अप अँड अंडर’ आणि मैदानाबाहेर हाकललेल्या खेळाडूला ‘अर्ली बाथ’ म्हणण्याची त्यांची लकब देशभर गेली. दक्षिणेने त्यांच्यावर प्रेम केले. उत्तरेत मात्र मोठा वर्ग चिडला. आमच्या खेळाची ही बहुरूप्याची नक्कल चालली आहे, अशी त्यांची तक्रार होती आणि १९७६मध्ये ती हजारो सह्यांच्या निवेदनातून बीबीसीपर्यंत गेली. मला दोन्ही बाजू पटतात. वेअरिंग नसते तर खेळ घराघरांत गेला नसता. पण घराघरांत जे गेले ते खेळापेक्षा त्या बोलीचे कौतुक अधिक होते, आणि अशा कौतुकात नेहमी थोडा वरून खाली पाहण्याचा भाग असतो.

आता १९७३. ऑक्टोबरमध्ये अरब राष्ट्रांनी तेल रोखले. १२ नोव्हेंबरपासून ब्रिटनच्या खाणकामगारांनी जादा वेळ काम करणे थांबवले. दुसऱ्याच दिवशी एडवर्ड हीथ यांच्या सरकारने आणीबाणी जाहीर केली आणि विजेच्या वापरावर निर्बंध आले. खेळांच्या मैदानांवरचे प्रकाशझोत त्यात गेले. १३ डिसेंबरला तीन दिवसांच्या कामाच्या आठवड्याची घोषणा झाली. १७ डिसेंबरपासून दूरचित्रवाणीने रात्री साडेदहाला बंद व्हायचे, असा हुकूम निघाला. १८ डिसेंबर हा मंगळवार होता. त्या दुपारी विडनेसच्या नॉटन पार्कवर यजमान विडनेस आणि ब्रॅमली यांच्यात अंतिम सामना झाला.

विडनेस हे मर्सी नदीकाठचे रसायनांच्या कारखान्यांचे गाव. संघ तगडा, आदल्या वर्षीही अंतिम फेरीत गेलेला आणि लेहकडून ५-० असा हरलेला. ब्रॅमली म्हणजे लीड्स शहराच्या पोटातले जुने गाव. क्लब १८७९चा, टोपणनाव ‘व्हिलेजर्स’. शेजारी लीड्ससारखा श्रीमंत क्लब, त्यामुळे प्रेक्षक कमी आणि पैसा त्याहून कमी. जवळजवळ शंभर वर्षांत एकही मोठा करंडक नाही. आणि गंमत अशी, की ज्या स्पर्धेची अटच दिवे ही होती, तिच्यात खेळणाऱ्या ब्रॅमलीकडे धड पुरेसे दिवे नव्हते.  हल आणि ग्रेट ब्रिटनकडून खेळलेला फुलबॅक आर्थर कीगन हा ब्रॅमलीचा कर्णधार आणि प्रशिक्षकही होता. निकाल लागला ब्रॅमली १५, विडनेस ७.

दिवे विझले आणि दिवे नसलेला जिंकला, असे वाक्य इथे कुणालाही सुचेल. मलाही सुचले होते. पण त्यावर विसंबू नये असे वाटते. प्रकाशझोत असते तर विडनेस जिंकले असते, असे मानायला काहीही आधार नाही. ब्रॅमली अंतिम फेरीपर्यंत आले ते खेळून आले, वीजटंचाईने त्यांना उचलून आणले नाही. दुपारच्या सामन्याने ज्यांचे नुकसान केले त्यांच्याकडे पाहिले तर चित्र बदलते. प्रकाशझोतांनी कामगाराला एक खरी गोष्ट दिली होती : पाळी संपवून, घरी चहा घेऊन मैदानावर जाण्याची सोय. मंगळवारच्या दुपारी कारखान्यातला माणूस सामन्याला जाणार कसा? रात्रपाळीवाला झोप मोडून, इतर जण रजा टाकून. खेळाडूंचेही तेच. त्या काळात रग्बी लीगचे बहुतेक खेळाडू दुसरी नोकरी सांभाळून खेळत. कामाच्या दिवशी, कामाच्या वेळी सामना, म्हणजे पुन्हा बुडालेला दिवस. १८९५मध्ये ज्या दिवसासाठी हा खेळ वेगळा झाला होता, तोच दिवस अठ्ठ्याहत्तर वर्षांनी त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. या वेळी तो रग्बी युनियनच्या साहेबांनी आणलेला नव्हता. एका बाजूला सरकारचा हुकूम, दुसऱ्या बाजूला खाणकामगारांचा लढा. आणि ते खाणकामगार म्हणजे कॅसलफर्ड, फेदरस्टोन, वेकफील्डच्या मैदानांवर दर आठवड्याला उभा राहणारा, याच खेळाचा प्रेक्षक. आपल्या श्रमाचा वेळ आखडून घेताना त्यांनी नकळत आपल्याच करमणुकीची संध्याकाळही आखडली.

म्हणून १९७३चा हंगाम मला या स्पर्धेतला सर्वात प्रामाणिक हंगाम वाटतो. इतर चौदा वर्षे उजेड गृहीत धरला गेला, त्याचे बिल कुठे फाटते ते दिसले नाही. पुढच्याच वर्षी दिवे परतले. सॅल्फर्ड आणि वॉरिंग्टन यांचा अंतिम सामना ०-० असा बरोबरीत सुटला आणि तो पुन्हा खेळवावा लागला. चार पकडी, सहा पकडी, कॅमेरे, सगळे करूनही एकही गुण नाही. दूरचित्रवाणीच्या हिशेबात न बसणारे असे काहीतरी खेळ अधूनमधून करतो, याचा मला आनंद होतो.

शेवटचा अंतिम सामना १९७९च्या डिसेंबरमध्ये हल शहरात, हलच्याच दोन क्लबांमध्ये झाला. हल १३, हल किंग्स्टन रोव्हर्स ३. मग बीबीसीने हात आखडता घेतला आणि करंडक बंद पडला. ब्रॅमली क्लब १९९९मध्ये लीगमधून बाहेर पडला. त्याच्या खात्यावर मोठा म्हणावा असा एकच करंडक आहे, त्याच्या नावात ‘फ्लडलिट’ हा शब्द आहे, आणि तो जिंकला त्या मंगळवारी खेळाडू मैदानाबाहेर आले तेव्हा बऱ्याच जणांच्या दिवसपाळ्या अजून सुटायच्या होत्या.